आधीचा कुठे गेला?

चुरी सरांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट चौकशीशिवाय घेतली नाही. पालघर स्टेशनसमोर डझनभर केळी घ्यायची असली तरी ते केळेवालीला आधी विचारत, "हा घड काल कुठे होता?" ती म्हणे, वाडीत होता. "मग काल टोपलीत होता तो कुठे गेला?" तो खपला. "कोणी नेला?" इथवर आलं की ती शेजारणीकडे बघून म्हणे, "मास्तरांना केळी नाय नेयाची, केळीचं लगीन लावायचं हाय!"

तिचं फारसं चुकत नव्हतं. सफाळ्यापासून डहाणूपर्यंत कोणाच्या मुलीचं लग्न ठरायचं असलं की मुलीचा बाप संध्याकाळी उमरोळीला सरांच्या ओटीवर येऊन बसायचा. मुलाकडची चौकशी सरांनी केली म्हणजे झाली. त्यावर पत्रिका जुळवायची उरलीच तर गुरुजींनी जुळवावी.

मी देशावरचा. पालघरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आलो तेव्हा मला या भागातलं काहीच माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी टीचर्स रूममध्ये काळी टोपी आणि कडक इस्त्रीचा पांढरा कोट घातलेले एक किडकिडीत गृहस्थ माझ्याजवळ आले आणि नाव-गाव न विचारता म्हणाले, "तुमच्या आधीचे इंग्रजीचे सर कुठे गेले, ते विचारलंत का?"

मी म्हटलं, "नाही."

"विचारायला हवं होतं. ते बोईसरला गेले. तिकडे अणुवीज केंद्राचं काम सुरू झालंय, तिथे स्टोअर्समध्ये लागले. म्हणजे शाळेला कंटाळून गेले नाहीत. बसा निश्चिंत."

मी बसलो. भूगोल आणि अंकगणित शिकवणाऱ्या वामन चुरी या माणसाशी माझी ओळख झाली ती अशी.

"आधीचा कुठे गेला?" हा त्यांचा एकच खरा प्रश्न होता. बाकीचे प्रश्न त्या प्रश्नापर्यंत पोचायची वाट असत. उमरोळी ते पालघर हा एका स्टेशनाचा प्रवास, पण गाडीत रिकामी जागा दिसली तरी ते शेजारच्याला विचारल्याशिवाय बसत नसत. "इथला कुठे उतरला हो?" मी एकदा त्यांची थट्टा केली, तेव्हा त्यांनी मला इन्स्पेक्टर साहेबांची गोष्ट सांगितली. शाळा तपासायला आलेले एक शिक्षणाधिकारी पांढरीशुभ्र पँट घालून, दोन शिपायांना पुढे घालून डब्यात शिरले आणि रिकाम्या बाकावर ऐसपैस बसले. त्या बाकावर वाणगावपर्यंत बोंबलांची टोपली प्रवास करत होती. साहेबांनी त्या दिवशी आमची शाळा सगळीच्या सगळी उभ्याने तपासली. उभ्याने तपासल्यामुळे असेल, शेरा चांगला मिळाला.

चौकशीला निघताना ते मला पुष्कळदा बरोबर नेत. दोघे असले की ते आपल्याकडे कमी आणि एकमेकांकडे जास्त बघतायत असं समोरच्याला वाटतं, असा त्यांचा हिशेब. खिशात एक छोटी वही असे. लोक काय म्हणाले ते डाव्या पानावर, काय म्हणाले नाहीत ते उजव्या पानावर. उजवं पान नेहमी आधी भरायचं. शेजाऱ्याला ते कधीच विचारत नसत. शेजारी एक तर मित्र असतो नाही तर त्याचा बांधावरून दावा चालू असतो. विचारायचं ते न्हाव्याला, सुताराला, धोब्याला. म्हणजे घरात येऊन जाणाऱ्याला. आणि आपण कशासाठी विचारतोय ते मरेपर्यंत सांगायचं नाही. "कारण कळलं की माणूस कारणाला उत्तर देतो, लेले. प्रश्नाला देत नाही."

हा शेवटचा नियम त्यांनी वीस वर्षांत सगळ्या पट्ट्याला शिकवून ठेवला होता. कोणी अनोळखी गृहस्थ गावात येऊन सहज म्हणून एखाद्या घराबद्दल विचारू लागला, की चहावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना कळे, चौकशी आली. तेही मग अगदी सहज म्हणून उत्तर देत.

केळव्याकडच्या एका स्थळाची चौकशी मला चांगली आठवते. मुलाचं घर झकपक. दिवाणखान्यात सहा एकसारख्या खुर्च्या, भिंतीवर पुढाऱ्यांबरोबर काढलेले फोटो. फोटोत मुलाचे वडील प्रत्येक वेळी कडेला, अर्धे कापलेले. तेच वडील आम्हाला घराण्याची थोरवी सांगत होते आणि सर मान हलवत होते. मग सरांनी पाणी मागितलं. पाणी मागणं ही त्यांची नेहमीची चाल. कोण आणतं, कशातून आणतं, आणि आणायला सांगताना घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात, ते ऐकायचं. आतून आईची हाक आली, "बाळू, पानी घेऊन जा रे बाबा, पावन्यांना." मुलगा स्वतः पाणी घेऊन आला.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "काय वाटतं?"

"खुर्च्या भाड्याच्या आहेत. खालून हात लावून बघितला, मांडववाल्याचा नंबर आहे."

"म्हणजे मोडलं."

"का मोडलं? बाप भपकेबाज आहे, तो काय जन्मभर पुरणार नाही. आई मुलाला 'रे बाबा' म्हणते आणि मुलगा उठतो. मुलगी द्यायला काहीच हरकत नाही."

लग्न झालं. त्या लग्नात त्याच सहा खुर्च्या होत्या, आणि सर मुद्दाम त्यांतल्या एकीवर बसले होते.

अशा माणसाला परदेशातली नोकरी चालून आली, तेव्हा काय झालं ते आता सांगतो.

चुरी सर फळ्यावर आफ्रिका हाताने काढत, नकाशाकडे न बघता. खडू एकदा टेकवला की पुन्हा उचलायचा नाही. वरून निघून, खालच्या टोकाला वळसा घालून परत वर. मग बाजूला मादागास्कर, एका टिचकीत. मुलं टाळ्या वाजवायची. एकदा आम्ही सहल घेऊन तारापूरच्या किनाऱ्यावर गेलो होतो. एका मुलाने समोर हात करून विचारलं, "सर, सरळ गेलं तर आफ्रिका ना?" सरांनी त्याचा हात धरून थोडा डावीकडे वळवला. "सरळ गेलास तर अरबस्तान. आफ्रिका इकडे." मुलं पाण्याकडे पळाली. सर तसेच उभे राहिले, थोडं डावीकडे बघत.

"लेले," ते म्हणाले, "वीस वर्षं मी ऐकीव माहितीवर शिकवतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे आफ्रिका आहे असं मी मुलांना सांगतो. मी कुठे पाहिलीय?"

मी हसलो. ते हसले नाहीत. ज्या माणसाने खुर्चीला खालून हात लावल्याशिवाय विश्वास ठेवला नाही, त्याने एक अख्खं खंड दुसऱ्याच्या शब्दावर वीस वर्षं पोरांच्या डोक्यात घातलं होतं. ही गोष्ट त्यांना किती लागली होती ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी मुंबईच्या वर्तमानपत्रातलं एक कात्रण माझ्या पुढ्यात ठेवलं. मोंबासाला आपल्या लोकांनी चालवलेली एक शाळा होती, तिला भूगोल-गणिताचा शिक्षक हवा होता. वय पंचेचाळीसच्या आत. सरांना पंचेचाळीसावं लागलेलं. इंग्रजी अर्ज मी लिहून द्यावा आणि कोणाला बोलू नये.

उत्तर आलं. लिफाफा उघडल्यावर आधी लेटरहेडच आलं, मजकूर बऱ्याच खाली होता. डावीकडे चौदा विश्वस्तांची नावं, आणि प्रत्येक नावाच्या पुढे-मागे इतक्या पदव्या की मधलं नाव अंग चोरून उभं होतं. सोबत शाळेचा फोटो, इमारत तीन मजली. पत्रात म्हटलं होतं की चुरी सर पसंत आहेत, शाळेमागे राहायला खोल्या मिळतील, आणि आपली संमती सहा महिन्यांत कळवावी; संस्थाही आपल्या परीने चौकशी करीलच.

मला आनंद झाला. सरांनी पत्र उजेडात धरून कागदाचा वास घेतला. "भपका आहे," ते म्हणाले. "पण केळव्याला पण होता. बघायला पाहिजे."

"मोंबासा कसं बघणार?"

"धोबी तिथे पण असेलच की."

तारापूरच्या किनाऱ्यावर पांडू तांडेल राहायचा. मालवाहू बोटीवर खलाशी होता, आणि त्याची बोट मुंबईहून आफ्रिकेच्या किनाऱ्याला जा-ये करायची. त्याच्या भाचीच्या लग्नाची चौकशी सरांनी केली होती. आम्ही गेलो तेव्हा तो अंगणात जाळं विणत बसला होता. सरांनी त्याला काय काय बघायचं ते सांगायला सुरुवात केली. पांडूने जाळं खाली ठेवलं.

"मास्तर, आमी बोटीवरची मानसं. बंदरात उतरलो तं मीठ-मिरची घेतो आन् परत येतो. साळा बगत कुटं फिरू?"

"साळेत भाचीला द्यायची आहे असं समज."

"भाचीला दिली ना केळव्याला!"

"मग मला द्यायचंय असं समज," सर म्हणाले.

पांडूने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग बायकोला हाक मारून सुकट बांधायला सांगितली. "मास्तरांना द्यायाचं तं बगून येवायलाच पायजे," तो म्हणाला.

चार महिन्यांनी तो परत आला. आम्ही पुन्हा त्याच अंगणात बसलो. सरांनी वही उघडून पेन्सिल सरसावली.

"साळा हाय," पांडू म्हणाला. "पन मजले दोनच. फोटूत तिसरा हाय तो शाईचा."

"डावं पान," सर पुटपुटले. "पाणी?"

"मागितला. शिपायानं दिला. घासलेला पितळी पेला. कोन तू, कुटचा तू, आदी इचारलं नाय. आदी पानी, मंग इचारलं."

"संध्याकाळी मास्तर लोक बाहेर कसे पडतात? घाईने?"

"हळू. पोरां कवाच घरा गेलीं, दोन मास्तर फाटकाशी उबे ऱ्हावून भांडत होते."

"कशावरून?"

"ता नाय समजला. पन हसत भांडत होते."

सरांनी लिहून घेतलं. मग पेन्सिल थांबवून विचारलं, "आणि आधीचा? आधीचा कुठे गेला?"

पांडूने मांडी बदलली. हा प्रश्न तो राखून ठेवून आला होता. "त्यासाटी धोब्याकडं दोनदा गेलो. आदीचा मास्तर बारा वरसं होता. म्हातारा झाला, देशाला गेला. त्याच्या घरवालीनं खोलीमागं शेवगा लावलाय. मोटा झालाय. झाडाला ह्या एवड्या शेंगा, पन कोन हात लावत नाय. धोबी बोलला, हेडमास्तरांनी सांगितलंय, नवा मास्तर येल तो तोडंल."

सरांनी तेही लिहून घेतलं. मी वहीत डोकावलो. डावं पान भरलं होतं. उजवं पान कोरं होतं. त्यांच्या चौकशीच्या उभ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत असावं, कारण त्यांनी ते पान उलटून मागेही काही नाही ना ते बघितलं.

त्याच संध्याकाळी उमरोळीला सरांनी आपल्या पत्नीच्या, आमच्या वहिनींच्या, कानावर घातलं. त्या विहिरीवरून आल्या होत्या, कळशी काखेतच होती.

"आफ्रिकेतल्या धोब्याला विचारलंत," त्या म्हणाल्या, "मला कधी विचारणार होतात?"

सरांनी कळशी त्यांच्याकडून घेऊन ओटीवर ठेवली.

"शेवगा आहे म्हणता?"

"आहे."

"मग मला चालेल. पण आधी आपल्या सुमतीचं जमवा. तिला उजवून टाकली की मग मला आफ्रिकेला न्या नाही तर चंद्रावर."

सुमती ही त्यांची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. जगाच्या मुलींची लग्नं जमवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मुलीसाठी एकही स्थळ पसंत पडलेलं नव्हतं. चौकशी करायला गेले की खुर्च्यांखाली काही ना काही सापडत असे. तरीही मी संमतीचं पत्र लिहून दिलं. सरांनी ते स्वतः पोस्टात टाकलं आणि पेटीला खालून थाप मारून बघितली.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी पालघर स्टेशनवर एक गृहस्थ उतरले. पन्नाशीचे, धोतर, काळा कोट, काखेत छत्री. बोलण्यावरून वसईकडचे. स्टेशनसमोरच्या भिवाच्या चहाच्या दुकानात बसून त्यांनी आधी पाणी मागितलं. मी शेजारच्या बाकावर होतो. पाणी कशातून येतं ते त्यांनी बघितलं, आणि मी मनात म्हटलं, हा माणूस पोचलेला दिसतो.

"इथे कोणी चुरी मास्तर आहेत म्हणे," ते सहज म्हणून म्हणाले. "कसं काय माणूस? घरी कोण कोण?"

भिवाने माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. सुमतीसाठी चौकशी आली! दुपारपर्यंत ही बातमी न्हाव्याच्या दुकानात, पोस्टात आणि शाळेच्या पाणपोईवर पोचली. सरांनी इतक्या जणांच्या मुली उजवल्या, आज त्यांच्या मुलीसाठी कोणी आलंय. जो तो आपला शब्द घालायला टपून बसला. आणि मुलीच्या बापाचं चांगलं म्हणून जे सांगायचं असतं ते सगळ्यांना पाठ होतं. घर-जमीन इथलीच, माणूस स्थिर, व्याह्याला उद्या शोधत फिरावं लागणार नाही, मुलीचं माहेर कायम जागच्या जागी. भिवा म्हणाला, "वाडी, हीर, घर, समदं हितंच. एकांदं नारळाचं झाड हललं तं हलंल, मास्तर हलायचं नाय." न्हाव्याने त्यावर कडी केली. वाडीतलं एक झाड वाऱ्याने पडलं तर मास्तर दोन दिवस जेवले नव्हते, असं त्याने सांगितलं. हे मी तरी ऐकलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत छत्रीवाले गृहस्थ मला भिवाकडेच पुन्हा भेटले. मी शाळेतला आहे हे त्यांनी काढून घेतलं होतं. "बाकी सगळं उत्तम दिसतं," ते हळूच म्हणाले. "पण हे इथेच राहणार, की जायचा विचार आहे कुठे?"

मला वाटलं, आफ्रिकेची कुणकुण यांना लागली. मुलीचे आई-बाप समुद्रापलीकडे जाणार म्हटल्यावर कोण शहाणा माणूस सोयरीक करील? स्थळ चांगलं दिसत होतं. सुमतीचं जमलं की वहिनी निघायला मोकळ्या, वहिनी मोकळ्या की सर मोकळे. सरांची आफ्रिका आता माझ्या एका वाक्यावर आली होती.

"अहो, कुठले जातात!" मी म्हटलं. "त्यांना उद्या वाणगावला बदली दिली तर ते नोकरी सोडतील. उमरोळी सोडून राहणारा माणूसच नाही तो."

गृहस्थांनी खिशातून एक छोटी वही काढली आणि माझं वाक्य लिहून घेतलं. कोणत्या पानावर ते मला दिसलं नाही. मी स्वतःवर बेहद्द खूश होऊन पुढच्या तासाला गेलो.

महिन्याभराने लेटरहेड पुन्हा आलं. सरांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. वसईकडचे ते गृहस्थ संस्थेचे हेडक्लार्क होते, रजेवर देशी आलेले. संस्थेने "आपल्या परीने" केलेली चौकशी ती. चौदाही विश्वस्तांच्या वतीने कळवण्यात येत होतं की चुरी यांच्याविषयी सर्वांनी अत्यंत आदराने सांगितले. मात्र ते आपली जन्मभूमी कदापि सोडणार नाहीत, याबद्दल तेथील सर्व प्रतिष्ठितांचे एकमत आढळले. अशा सद्गृहस्थास केवळ भिडेपोटी परदेशी खेचण्याचे पाप संस्थेस नको होते.

प्रतिष्ठित म्हणजे भिवा, न्हावी वगैरे, आणि मी.

"आपण लिहू या," मी म्हटलं. "गैरसमज झाला म्हणून आजच लिहू या."

"काय लिहायचं? सगळं गाव खोटं बोललं म्हणून?" सरांनी पत्राची घडी पहिल्यासारखीच घातली. "ज्याची चौकशी असते त्याचा स्वतःचा शब्द धरत नाहीत, लेले. मी तरी कुठे धरतो?"

त्यांचा नियम होता आणि तो बरोबर होता.

पुढचे चार दिवस ते पालघरभर हिंडत होते. ते काय करत होते ते मला कळत होतं. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत ते माझ्याशेजारी येऊन बसले. वही हातात होती.

"सात जणांना विचारलं त्यांनी," ते म्हणाले. "सहा जणांकडे जाऊन आलो. सहाही जणांनी माझं चांगलंच सांगितलं. भिवाने तर फार चांगलं सांगितलं."

मी डब्याचं झाकण उघडलं आणि लावलं.

"सातव्याला मी विचारलेलं नाही," ते म्हणाले आणि वही खिशात घालून वर्गावर गेले.

त्यानंतर बरेच दिवस मी एक गोष्ट बघत होतो. संध्याकाळी मी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला जायचो. गाडी यायची, सर डब्यात चढायचे, रिकामी जागा दिसली की कोणाला काही न विचारता सरळ बसायचे. कोणी टोपली ठेवली होती का, कोण कुठे उतरला, काही नाही. ते बघणं मला जड जायचं. केळेवालीसुद्धा मला एकदा म्हणाली, "मास्तर बरे नाय काय? आज केळी उचलली नि गेले!" या मधल्या काळात त्यांना पंचेचाळीस पुरी झाली, म्हणजे जाहिरातीतली वयाची अटही हुकली. सुमतीचं लग्न मात्र झालं. वहिनींनीच बोईसरचा मुलगा बघितला, अणुवीज केंद्रातला, साताऱ्याकडचा. सरांनी चौकशीला जायचं म्हटलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तुम्ही बसा. मी पाणी मागून आले."

मग एक दिवस मोंबासाहून तिसरं पत्र आलं, आणि या वेळी ते हेडक्लार्क साहेबांच्या स्वतःच्या हातचं होतं, बिनलेटरहेडचं. सरांच्या माणसाने शाळेची चौकशी धोब्यापर्यंत जाऊन केली होती, हे त्यांना त्याच धोब्याकडून कळलं होतं. असा चौकशी करणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. जागा अजून भरलेली नव्हती. आता साळवी नावाच्या शिक्षकाचा अर्ज आला होता, तो चुरी यांच्याच शाळेतला. त्याच्याबद्दल चुरींनी मत द्यावं, तेवढं एक मत संस्थेला पुरेसं होतं.

साळवी आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी लागलेला तरुण, बोईसरला खोली घेऊन राहणारा. सरांनीच त्याला खडू न उचलता आफ्रिका काढायला शिकवलं होतं. मला वाटलं, सर दोन ओळी लिहून मोकळे होतील. पण त्यांनी वही काढली. पंधरा दिवस ते बोईसरला खेपा घालत होते. खोलीच्या मालकिणीला, खानावळीत, इस्त्रीवाल्याला. मग मला मजकूर सांगितला आणि मी तो इंग्रजीत लिहिला. तो असा होता: "आवाज मोठा आहे, पण वर्गात लागतो. मालकिणीचं पाणी न सांगता भरून देतो. मादागास्कर विसरतो, आठवण केली की काढतो, रागावत नाही. हा गाव सोडायला तयार आहे. हे मी कोणाला विचारून लिहीत नसून त्याच्या खोलीत महिनाभर बांधून ठेवलेली ट्रंक पाहून लिहितो."

साळवीला नोकरी मिळाली.

तो निघाला त्या संध्याकाळी आम्ही तिघे पालघर स्टेशनवर होतो. साळवी मुंबईकडे जाणार, सर उमरोळीला. मीही त्याच महिन्यात पालघर सोडलं, त्यामुळे सरांना मी असं शेवटचंच पाहिलं. साळवीने वाकून नमस्कार केला. पोरगा अवघडला होता. सरांच्या अर्जाचं त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, निदान मी तरी नाही. पण जरा वेळाने तो म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलंय म्हणून विचारतो. सगळी चौकशी केली. पण जागा वर्षभर रिकामी का राहिली, ते कोणी सांगत नाही. आधीचा कुठे गेला?"

मी रुळांकडे बघू लागलो.

"आधीचा?" सर म्हणाले. "आधीचा गेलाच नाही. उमरोळीला राहतो. रोज सकाळच्या गाडीने येतो, संध्याकाळच्या गाडीने जातो. प्रकृती चांगली आहे. बसा निश्चिंत."

साळवीच्या लक्षात यायला एक क्षण गेला. तो काही बोलणार तोच सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "खोलीमागे शेवगा आहे. शेंगा तुमच्यासाठी ठेवल्यात, जून होऊ देऊ नका. आणि एक काम करा. आफ्रिका आहे तिथेच आहे का, तेवढं बघून कळवा. एकवीस वर्षं मुलांना सांगतोय."

लांबवर गाडीची शिट्टी झाली. मला एकदम वाटलं, आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही. "सर," मी म्हटलं, "तो सातवा माणूस..."

"गाडी आली, लेले," सर म्हणाले.

आली. ते चढले. दाराजवळच्या बाकावर खिडकीशी एक जागा रिकामी होती, शेजारी डोईला फडकं बांधलेला एक कोळी बसला होता. सर जागेपुढे उभे राहिले. टोपी नीट केली. आणि मी खिडकीबाहेरून ऐकलं, "इथला कुठे उतरला हो?"

"कोनीच नव्हता, मास्तर," कोळी म्हणाला. "सफाळ्यापासनं रिकामीच हाय. बसा."

"रिकामीच?" सरांचा आवाज एकदम तरतरीत झाला. "का बरं?"

गाडी हलली. उमरोळी येईपर्यंत त्यांना कारण सापडलं असेल का, मला माहीत नाही. फलाट संपेस्तोवर ते उभेच होते, बाकाला खालून हात लावून बघत.